निजलेल्या गाडीचा जागता पहारेकरी

गेल्या वर्षीं गणेशोत्सव आटोपून आमचे एक शेजारी सहकुटुंब कोंकणांतून पुण्यास परत आले, त्या रात्रीची गोष्ट प्रथम सांगतों. तीन आठवडे त्यांची विजेवर चालणारी मोटार इमारतीच्या आवारांत उभी होती. जातांना तिची बॅटरी त्यांनीं जवळजवळ पूर्ण भरून ठेविली होती. परत आले त्याच पहांटे त्यांच्या वृद्ध मातोश्रींच्या छातींत दुखूं लागलें. शेजारी धांवत खालीं गेले, तों गाडीचें दारच उघडेना. किल्लीचें बटण दाबून पाहिलें, दाराची मूठ ओढून पाहिली. दिवा लागेना कीं आवाज होईना. शेवटीं नाक्यावरून रिक्षा आणली, आणि सुदैवानें वेळ निभावली. मातोश्री आज खुशाल आहेत. दुसऱ्या दिवशीं मिस्त्री आला. त्यानें किल्लीच्या पोटांत दडविलेली लोखंडी किल्ली काढून दार उघडलें, पुढचें झांकण वर केलें, आणि आपल्याजवळच्या बॅटरीच्या दोन तारा आंतील एका लहानशा बॅटरीस लाविल्या. क्षणार्धांत दिवे लागले, समोरचा पडदा उजळला, आणि त्यावर आंकडा दिसला : मोठी बॅटरी ९१ टक्के भरलेली!

आमचे शेजारी उद्वेगानें म्हणाले, "अहो, घरांत धान्याचें कोठार भरलेलें असतांना आम्ही उपाशी कां राहावें?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो आज अनेक घरांतून विचारला जातो. त्याचें उत्तर यंत्रशास्त्रांत आहे तितकेंच इतिहासांतहि आहे. म्हणून आज त्या लहानशा बॅटरीचा इतिहास आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम या दोन बॅटऱ्यांचें परस्पर प्रमाण ध्यानांत घेऊं. घरच्या विजेच्या बिलावर जें 'युनिट' छापलेलें असतें, त्याच मापानें मोजूं. मध्यम प्रतीच्या विजेच्या मोटारींत सुमारें ४० युनिट वीज सांठविणारी मोठी बॅटरी तळाशीं बसविलेली असते. चाकें फिरतात तीं तिच्या जोरावर. तिचा दाब बहुधा ४०० व्होल्टच्या आसपास, व कांहीं गाड्यांत ८०० च्या आसपास असतो. दुसरी बॅटरी लहान, १२ व्होल्टची. तिची धारणा ४५ अँपिअर-तास धरिली, तर तींत अर्ध्या युनिटाहून किंचित् अधिक वीज मावते. म्हणजे थोरलीच्या मानानें धाकटी सत्तरांत एक! तरीहि धाकटी रुसली कीं थोरली मुकी होते. हें असें कां व्हावें?

या धाकटीचा मूळ पुरुष फ्रान्समधला. १८५९ सालीं गास्तों प्लांते या शास्त्रज्ञानें पॅरिस येथें शिशाचे दोन पत्रे, मध्यें कापड घालून, एकत्र गुंडाळले व ते सौम्य गंधकाम्लांत बुडविले. त्यांतून विजेचा प्रवाह सोडल्यावर ती वीज तेथें रासायनिक रूपानें सांठून राहते, आणि पाहिजे तेव्हां परत घेतां येते, असें त्याला आढळून आलें. त्यापूर्वींचे विद्युत्‌घट एकदां संपले कीं संपले. पुन्हां भरतां येणारा घट हा पहिलाच. १८८१ मध्यें कामील फोर यानें शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देऊन त्याची धारणा पुष्कळच वाढविली. या घटाचा एक मोठा उपयोग पुढें आगगाडींत झाला, आणि तो आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. डब्याखालीं आंसावर फिरणारा डायनॅमो गाडी धांवत असतां वीज निर्माण करी व बॅटरीहि भरी. गाडी स्टेशनांत थांबली कीं दिवे त्या बॅटरीवर जळत. गाडी फार वेळ खोळंबली म्हणजे डब्यांतील दिवे पिवळे पडत, हें जुन्या प्रवाशांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. उभ्या वाहनांतील बॅटरी उतरण्याचा प्रश्न हा असा आगगाडीइतका जुना आहे.

त्याच १८८१ सालीं गुस्ताव्ह त्रूव्हे यानें पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखविली. पुढील वीस वर्षांत विजेच्या मोटारीनें जें यश मिळविलें, त्याची आज आपणांस कल्पनाहि नसते. १८९७ मध्यें लंडनच्या रस्त्यांवर विजेच्या भाड्याच्या गाड्या धांवूं लागल्या. २९ एप्रिल १८९९ रोजीं कामील जेनात्सी या बेल्जियन गृहस्थानें पॅरिसजवळ अशेर येथें विजेची मोटार ताशीं १०५ किलोमीटरांहून अधिक वेगानें हांकली. रस्त्यावरील मोटारीनें ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडल्याचा हा पहिला प्रसंग. १९०० च्या सुमारास अमेरिकेंतील रस्त्यांवर धांवणाऱ्या मोटारींपैकीं सुमारें एक तृतीयांश विजेच्या होत्या. पेट्रोलच्या मोटारींचा सम्राट् हेन्री फोर्ड याची पत्नी क्लारा ही स्वतः मात्र १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही विजेची गाडी वापरीत असे, यापेक्षां अधिक बोलका दाखला कोणता द्यावा?

या गाड्यांचें एक वैशिष्ट्य ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्यांत 'सुरूं करणें' असें कांहीं नव्हतेंच. आसनावर बसावें, दांडा पुढें करावा, कीं गाडी चालूं लागली. एंजिन जागें करण्यासाठीं निराळ्या बॅटरीची त्यांना गरज नव्हती, कारण जागें करावयाचें एंजिनच तेथें नव्हतें.

पेट्रोलच्या मोटारीची गोष्ट याच्या अगदीं उलट होती. तिला प्रत्येक वेळीं पुढच्या बाजूनें लोखंडी हँडल घालून फिरवावें लागे. "हँडल मारणें" हा शब्दप्रयोग आपल्या जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडीं परवांपरवांपर्यंत होता. हें काम शक्तीचें तर होतेंच, पण धोक्याचेंहि होतें. एंजिनानें उलट हिसका दिला कीं हँडल फिरविणाऱ्याचें मनगट मोडे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीस शस्त्रवैद्य 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, म्हणजे मोटारचालकाची मोड. तें नांव या हँडलानेंच दिलें. स्त्रिया व वृद्ध माणसें विजेची गाडी पसंत करीत, याचें एक मुख्य कारण हेंच.

हें हँडल ज्यानें घालविलें, त्याचें नांव चार्ल्स केटरिंग. अमेरिकेंतील डेटन शहरीं दुकानांतील गल्ल्याचीं यंत्रें करणाऱ्या कारखान्यांत तो नोकरीस होता, आणि गल्ल्याचा खण आपोआप उघडावा म्हणून त्यानें तेथें एक लहान विद्युत्‌-चालक बसविला होता. त्यावरून त्याला एक मर्म उमगलें. चालकास दिवसभर राबावयाचें नसेल, क्षणभरच जोर लावावयाचा असेल, तर तो लहान असला तरी चालतो. त्या क्षणापुरता त्याच्यावर कितीहि भार टाकावा, मग त्याला विश्रांति द्यावी. हेंच तत्त्व त्यानें मोटारीच्या एंजिनास लावलें. १९११ मध्यें त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत शिशाची बॅटरी, चालक व बॅटरी पुन्हां भरणारा डायनॅमो अशी सर्व योजना बसून आली. आपल्याकडे तिला नुसतें 'सेल्फ' म्हणूं लागले. "सेल्फ मारला कीं गाडी चालू" हें वाक्य पुढें घरोघरीं रुळलें.

या शोधाचा परिणाम काय झाला पाहा. पेट्रोल स्वस्त होत होतें. फोर्डची 'मॉडेल टी' गाडी १९०८ पासून सामान्यांच्या आवाक्यांत येऊं लागली होती. गांवाबाहेरचे रस्ते सुधारूं लागले होते, आणि दूरच्या प्रवासास विजेची गाडी अपुरी पडत होती. हीं सर्व कारणें खरीं. तरीपण विजेच्या गाडीपाशीं सुलभतेचा म्हणून जो एक हुकमी पत्ता होता, तो केटरिंगच्या लहानशा बॅटरीनें हिरावून घेतला. डेट्रॉइट इलेक्ट्रिकचें उत्पादन १९३९ पर्यंत कसेंबसें चाललें व मग थांबलें. विजेच्या मोटारीस रस्त्यावरून हांकलून देण्यांत शिशाच्या एका धाकट्या बॅटरीचा मोठा वांटा होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आणि नियतीचा खेळ असा कीं, आज तीच बॅटरी विजेच्या मोटारीच्या घरांत किल्ल्या संभाळून बसली आहे!

ती तेथें कशी आली? सेल्फच्या निमित्तानें पेट्रोलच्या गाडींत शिरल्यावर तिच्याकडे एकेक काम सोंपविण्यांत आलें. दिवे आले, भोंगा आला, कांच पुसणारे हात आले, रेडिओ आला. आरंभीं पुष्कळ गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असे. १९५० नंतरच्या दशकांत ती १२ व्होल्टची झाली. म्हणजे सुमारें दोन व्होल्टचा एक असे सहा घट एका पेटींत. मग जगांतील सर्व कारखाने १२ व्होल्टचे दिवे, १२ व्होल्टचे पंखे, १२ व्होल्टचीं कुलपें तयार करूं लागले. १९९७ च्या डिसेंबरांत जपानांत टोयोटाची प्रीयस ही पेट्रोल व वीज यांच्या संमिश्र शक्तीवर चालणारी गाडी विक्रीस आली, आणि २०१० च्या डिसेंबरांत निसानची लीफ ही केवळ विजेची गाडी आली. त्या दोहोंतहि हा सारा १२ व्होल्टचा संसार जसाच्या तसा उचलून आणला गेला. नव्या घरांत जुनें सामान आलें, आणि सामानाबरोबर जुना नोकरहि आला.

परंतु केवळ जुन्या सवयीमुळें तो नोकर राहिला, असें मानणें त्याच्यावर अन्याय करणारें होईल. त्याला ठेवण्याचें दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे, आणि तें माणसाच्या प्राणाशीं निगडित आहे. ४०० व्होल्टचा दाब प्राणघातक होऊं शकतो. अपघात झाला, गाडी चेपली, पाण्यांत बुडाली किंवा मिस्त्रीनें झांकण उघडलें, तर त्या वेळीं ही वीज गाडीभर खेळत असतां कामा नये. म्हणून मोठ्या बॅटरीच्या तोंडाशीं दोन भक्कम विद्युत्‌-दरवाजे बसविलेले असतात. गाडी बंद केली कीं ते आपोआप मिटतात, आणि मोठी बॅटरी आपल्या पेटींत कोंडली जाते. ते उघडण्यासाठीं एका वेटोळ्यांतून प्रवाह जावा लागतो. तो प्रवाह धाकट्या बॅटरीचा. प्रवाह बंद पडला कीं स्प्रिंगच्या जोरानें दरवाजे मिटणार, ही योजना हेतुपूर्वक केलेली आहे : कांहींहि बिघडलें तरी गाडी सुरक्षिततेच्या बाजूस कलावी.

आतां आमच्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. चालत्या गाडींत मोठी बॅटरी एका रूपांतरकाच्या द्वारें आपला उच्च दाब उतरवून धाकटीस सतत वीज पुरविते. पण दरवाजे उघडल्यावांचून रूपांतरकास वीज मिळत नाहीं, आणि धाकटींत जोर असल्यावांचून दरवाजे उघडत नाहींत. कोठार भरलेलें, पण कोठाराची किल्ली ज्या पहारेकऱ्याच्या कमरेस, तोच उपासानें निपचित पडलेला! पेट्रोलची गाडी चार माणसांनीं धक्का मारून कित्येकदां चालूं करतां येते. येथें धक्क्याचाहि उपयोग नाहीं.

मग हा पहारेकरी दमतो कशानें? येथें एक सूक्ष्म भेद लक्षांत घेतला पाहिजे. केटरिंगनें या बॅटरीस जें काम दिलें, तें पहिलवानाचें होतें : क्षणभर शंभर-दोनशें अँपिअरांचा जोर, आणि मग दिवसभर आराम. त्या कामासाठींच तिचे पत्रे पातळ व पुष्कळ केले गेले. विजेच्या गाडींत सेल्फ नाहीं, म्हणून पहिलवानाचें काम संपलें. तिच्या वांट्यास आली ती रखवालदाराची नोकरी. जोर थोडा, पण जागरण अखंड. आपण गाडी बंद करून वर जातों, तरी ती पूर्णपणें निजत नाहीं. किल्ली जवळ आली कां, हें ऐकण्यासाठीं तिचा एक कान उघडा असतो. चोराची सूचना देणारें यंत्र जागें असतें. फोनवरून येणारा निरोप घेण्यासाठीं बिनतारी यंत्र जागें असतें. आणि आंतील गणकयंत्रें ठराविक वेळानें उठून सर्व ठीक आहे ना, हें पाहतात.

साधें गणित करूं. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची, आणि या सर्वांचा मिळून खर्च एका अँपिअराचा विसावा भाग धरिला, तर ती ९०० तास, म्हणजे सुमारें ३७ दिवस पुरेल. पण एखादें गणकयंत्र कांहीं दोषामुळें निजलेंच नाहीं, आणि ३ अँपिअर ओढीत राहिलें, तर तीच बॅटरी १५ तासांत रिकामी होईल. शिवाय हा हिशेब नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचा. उन्हाळ्याच्या उष्णतेनें ती आपोआपहि झिजते. त्यांतून ती पूर्ण उतरून तशीच पडून राहिली, तर पत्र्यांवर शिशाच्या गंधकित क्षाराचे कठीण स्फटिक जमतात, आणि मग भरूं गेलें तरी तिची पहिली धारणा परत येत नाहीं. एकदां उपासानें खंगलेला पहारेकरी दुसऱ्यांदां लवकर कोसळतो तो यामुळें.

आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचें निदान मिस्त्रीनें सांगितलें तें ऐकण्याजोगें आहे. बॅटरी पांच वर्षांची जुनी होती, हें एक. दुसरें असें कीं, त्यांचा मुलगा कोंकणांतून रोज दोन-तीन वेळां फोनवर गाडीची खुशाली विचारीत होता, आणि प्रत्येक विचारणेबरोबर निजलेली गाडी जागी होत होती. शेवटचे चार दिवस उत्तर आलें नाहीं, तेव्हां तिकडे फोनला रेंज नसेल, असें त्याला वाटलें. मायेनें केलेली चौकशीच गाडीस भोंवली!

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, त्या वेळीं आठवडेच्या आठवडे इमारतींच्या आवारांत गाड्या उभ्या राहिल्या, आणि बॅटरी उतरणें म्हणजे काय, हें पुष्कळांना प्रथमच कळलें. उभें राहणें म्हणजे विश्रांति नव्हे, हा धडा तेव्हां पेट्रोलच्या गाडीनेंहि दिला होता. विजेच्या गाडींत कधीं कधीं दोष पहारेकऱ्याचा नसून त्याला जेवूं घालणाऱ्याचा असतो. २०२४ च्या मार्चमध्यें हुंदाई व किया या कंपन्यांनीं अमेरिकेंत दीड लाखाच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या, त्या याच कारणानें : धाकट्या बॅटरीस वीज पुरविणारा भाग निकामी होऊन ती चालत्या गाडींतहि भरेनाशी होण्याचा संभव होता. भारतांतहि त्या वर्षीं अशा गाड्या तपासणीस बोलाविण्यांत आल्या.

कारखानदार या प्रश्नाविषयीं उदासीन आहेत, असें नाहीं. लीफच्या कांहीं गाड्यांवर मागच्या बाजूस एक लहान सौर-पट बसविला होता, तो धाकटीस थोडीथोडी वीज देत राही. अनेक नव्या गाड्यांत धाकटीचा दाब उतरूं लागला, कीं ती पूर्ण दमण्यापूर्वींच दरवाजे उघडून मोठी बॅटरी तिला भरून देते. टेस्ला कंपनीनें २०२१ पासून आपल्या गाड्यांत शिशाऐवजीं लिथियमची धाकटी बॅटरी घालण्यास आरंभ केला, आणि २०२३ मध्यें आलेल्या तिच्या सायबरट्रकमध्यें १२ व्होल्टच्या जागीं ४८ व्होल्टची योजना केली. धातु बदलला, दाब बदलला. पहारेकरी मात्र राहिलाच. कारण दरवाजा बंद ठेवणें जोंपर्यंत शहाणपणाचें आहे, तोंपर्यंत किल्ली कोणाच्या तरी हातीं द्यावीच लागणार.

मग गृहस्थानें काय करावें? फार थोडें. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका एकदां शांतपणें वाचावी, आणि लोखंडी किल्ली कोठें आहे, तिचें भोंक कोठें आहे व बाहेरून वीज देण्याच्या खुणा कोणत्या, हें घरांतील दोघां-तिघांना दाखवून ठेवावें. दीर्घ प्रवासास जातांना धाकटीविषयीं पुस्तिकेंत जें सांगितलें असेल तें करावें, आणि दूर राहून वारंवार खुशाली विचारूं नये. चार-पांच वर्षें झालीं कीं तिची तपासणी करून घ्यावी. गाडीच्या किंमतीच्या मानानें तिची किंमत क्षुल्लक आहे. आपल्या विजेच्या गाडीवरून दुसऱ्याची पेट्रोलची गाडी चालूं करून देण्याचा परोपकार मात्र करूं नये. बहुतेक कारखानदारांनीं तो मना केला आहे, कारण पहिलवानाचें ओझें या रखवालदारास पेलणारें नाहीं. आणि नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील, त्यांस कोणत्याहि परिस्थितींत हात लावूं नये. थोरलीची प्राणघातक वीज त्यांतून जाते.

श्रोते हो, आपण गाडी घेतों तेव्हां मोठ्या बॅटरीची चौकशी करतों : किती मैल जाईल, किती वेळांत भरेल. लहानीचें नांवहि कोणी विचारीत नाहीं. प्लांतेनें पुन्हां भरतां येणारा घट करून १६० वर्षांहून अधिक काळ लोटला. केटरिंगनें तो मोटारींत आणून शतक उलटलें. इतक्या काळांत त्यानें एका जातीच्या गाडीस सिंहासनावर बसविलें, दुसरीस पदच्युत केलें, आणि आज त्या दुसरीच्याच दारांत तो रात्रभर जागत उभा आहे. त्याचा दोष इतकाच कीं, तो न बोलतां दमतो. आमच्या शेजाऱ्यांनीं आतां नवी धाकटी बॅटरी बसविली आहे, आणि घरांतील दिनदर्शिकेवर, गॅसच्या टाकीच्या नोंदीशेजारीं, तिची तारीख त्यांच्या मातोश्रींनीं स्वतःच्या हातानें लिहून ठेविली आहे.